स्टॉकहोमला दोघांचा एकच दिवस असेल तर
वासा म्युझियम उघडतानाच गाठा. सहलींच्या बसेस आल्या की कठड्यापाशी जागा मिळत नाही. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं वासा हे जहाज १९६१ मध्ये वर काढलं, तेच इथे आहे. खालच्या रांगेतल्या तोफांच्या खिडक्या निरखून बघा. वाऱ्याने जहाज कललं आणि पाणी तिथूनच शिरलं! लाकूड जपायला आत गारवा ठेवतात, स्वेटर हवाच.

म्युझियमला स्लुसेनच्या धक्क्याहून फेरीबोटीनं जा. वेगळं तिकीट नको, मेट्रोचंच ७५ मिनिटांचं चालतं. फक्त दोघांनी आपापलं कार्ड टॅप करायचं. रोख क्रोनर घेत बसू नका, बऱ्याच ठिकाणी चालतच नाहीत.

दुपारी गामला स्तान, म्हणजे जुनं शहर. तिथली मॉर्टेन त्रोत्सिग गल्ली एके जागी जेमतेम ९० सेंटिमीटर, म्हणजे एकामागे एकच चाला. गल्ल्यांत दगडी फरसबंदी आहे, टाचांच्या चपला नकोत.