पाश्चरायझर बरोबर चालतोय, तरी काउंट का वाढतो?

प्रश्न: आमच्या दुधाच्या प्लांटमधे पाश्चरायझर (दूध तापवून जंतू मारणारं मशीन) ७२ डिग्रीला १५ सेकंद बरोबर चालतो, चार्टवर कुठेच खाली उतरलेला दिसत नाही. तरी सुरुवातीच्या दुधाचा काउंट (जिवाणूंची संख्या) मस्त येतो आणि आठ-दहा तासांनी घेतलेल्या सॅम्पलचा वाढलेला. रोज सीआयपी (मशीन न उघडता आतून धुणं) करतो, सॅनिटायझरपण देतो. चुकतंय कुठे?

उत्तर: आधी चांगला आणि नंतर चढत जाणारा काउंट म्हणजे जिवाणू मशीनच्या आतच वाढतायत असा दाट संशय घ्या, म्हणजे बायोफिल्म. स्टीलला दूध लागलं की लगेच प्रोटीनचा पातळ थर बसतो, त्यावर जिवाणू चिकटतात, मग स्वतःभोवती चिकट आवरण तयार करतात आणि वाढले की तुकडे सुटून दुधात जातात.

तुमच्या केसमधे मी पहिल्यांदा रिजनरेशनच्या प्लेट्स बघेन, म्हणजे जिथे गरम दुधाची उष्णता येणाऱ्या गार दुधाला दिली जाते. तिथे ३५ ते ५० डिग्रीच्या आसपासचा पट्टा असतो आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलससारख्या उष्णता आवडणाऱ्या जिवाणूंना तेच हवं असतं. होल्डिंग ट्यूब (जिथे दूध १५ सेकंद ७२ डिग्रीला राहतं) कितीही चोख असू दे, पाश्चराइझ झालेलं दूध गार होताना परत याच पट्ट्यातून जातं ना! म्हणून रन (न धुता सलग चालवणं) जितका लांब तितका त्रास जास्त, मधे एक वॉश घेतला तर फरक पडतो. गार बाजूला, ४ डिग्रीलासुद्धा स्यूडोमोनास थर करतो, त्यामुळे कच्च्या दुधाच्या टाक्याही विसरू नका.

आता प्लेट्स उघडा आणि गॅस्केटवरून (प्लेट्सच्या मधल्या रबरी पट्टीवरून) बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, बारीक चिरा दिसल्या तर ते बदलाच, कारण त्या चिरांत केमिकल नीट पोचतच नाही. खरबरीत वेल्डिंग आणि दूध साचून राहणारे पाईपचे बंद तुकडे, तिथेही तेच. प्लेटवर पांढुरका खरखरीत थर असेल तर तो मिल्कस्टोन, कॅल्शियमचा, तो नुसत्या कॉस्टिक सोड्याने जात नाही, ॲसिडच लागतं.

आणि सॅनिटायझरवर एवढा भरवसा नको, कळकळीने सांगते. घाण शिल्लक असली तर तो वरवरचेच जिवाणू मारतो. आधी पाण्याने दूध पूर्ण काढा, मग १ ते १.५ टक्के कॉस्टिक ७०-७५ डिग्रीला, पाईपमधे वेग सेकंदाला दीड मीटर तरी हवा, मग पाणी, ॲसिड, परत पाणी आणि सगळ्यात शेवटी सॅनिटायझर.

एक दिवस दर दोन तासांनी होल्डिंग ट्यूबनंतर आणि रिजनरेशननंतर अशी दोन्हीकडची सॅम्पल घ्या, काउंट कुठे उडी मारतोय ते लगेच दिसेल.