विचारा तर खरं : चर्चामंडळात मुलं आणायची कशी?

महाविद्यालयं सुरू झाली की मंडळांच्या चिटणीसांची पत्रं वाढतात. यंदाच्या पत्रांतले सारखे प्रश्न एकत्र करून पाच निवडले आहेत.

प्रश्न : आमच्याकडे वाङ्मय मंडळाच्या हाताखाली चर्चामंडळ चालतं. दरवर्षी फलकावर नोटीस लावतो, शिपाईकाका ती वर्गावर्गांत फिरवतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर ऐंशी-नव्वद जण ॲड होतात. बैठकीला मात्र सात-आठ, त्यातले चार आम्हीच. काय चुकतं?
— एस. वाय. बी. ए., सातारा जिल्हा

उत्तर : सगळी भिस्त नोटिशीवर ठेवणं चुकतं. शिष्यवृत्ती, परीक्षेचे फॉर्म, एनएसएसचं शिबिर या गर्दीत तुमचा कागद लागतो, आणि तो वाचून अनोळखी खोलीत एकट्याने शिरायची हिंमत पहिल्या वर्षाच्या मुलात क्वचित असते. ग्रुपवर ॲड व्हायला काहीच लागत नाही, म्हणून त्या आकड्याला अर्थ नाही. कोणीतरी नाव घेऊन ‘ये’ म्हटलं की माणूस येतो.

तेव्हा वर्गात जा. तासाच्या सुरुवातीला नको, तेव्हा निम्मी मुलं दारातून आत येत असतात. आदल्या दिवशी सरांना किंवा मॅडमना भेटून शेवटची पाच मिनिटं मागून घ्या. दोघांनीच जायचं आणि त्यातला एक त्याच शाखेचा हवा. कॉमर्सच्या वर्गात सगळे आर्ट्सवाले उभे राहिले की ‘हे मराठीवाल्यांचं काहीतरी’ असा शिक्का बसतो आणि तो वर्षभर निघत नाही. मंडळाची स्थापना, उद्दिष्टं, मागची बक्षिसं यांतलं काही सांगू नका. एकच प्रश्न टाका : ‘७५ टक्के हजेरीची अट उद्या काढली, तर परवा या वर्गात किती जण असतील?’ हात वर करायला लावा, दोघांना कारण विचारा आणि वाद रंगू लागला की तिथेच थांबा. ‘पुढचं बुधवारी साडेबाराला, खोली क्रमांक अकरा.’ तीन मिनिटांत काम होतं.

मग कागद फिरवा. क्यूआर कोड नको; तो स्कॅन होऊन फॉर्म उघडेपर्यंत घंटा होते आणि वर्ग रिकामा. साध्या फुलस्केपवर चार रकाने आखा : नाव, वर्ग, फोन आणि ‘कोणत्या वारी किती वाजेपर्यंत थांबता येईल’. चौथा रकाना सगळ्यांत मोलाचा, त्याचा उपयोग पुढच्या उत्तरात आहे. कागद दोन असू द्या, एक पहिल्या बाकावरून आणि एक शेवटच्या. एकच सोडला तर तो तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी वहीखाली अडकतो.

त्याच संध्याकाळी प्रत्येकाला वेगळा निरोप गेला पाहिजे. ग्रुपवर टाकलेला धरायचा नाही. मुलींना मंडळातल्या मुलींनीच निरोप द्यावा. अनोळखी मुलाचा मेसेज आला की पुष्कळजणी नंबरच ब्लॉक करतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. वर्गात जो बोलला त्याला लिहा, ‘हजेरीबद्दल जे म्हणालास ते बुधवारी पुरं करशील का?’ बैठकीच्या दिवशी सकाळी पुन्हा एक ओळ. चाळीस नावांतून दहा-बारा आले तरी समाधान माना, तेवढ्यांत चर्चा उत्तम होते. मात्र त्यांना शंभर खुर्च्यांच्या सेमिनार हॉलमध्ये बसवू नका. तिथे बारा माणसं बसली की कार्यक्रम पडल्यासारखा वाटतो, लहान खोलीत तीच माणसं दाटीवाटीने बसतात.

मुहूर्ताचंही पाहा. प्रथम वर्षाचे तास सुरू झाल्यावर दुसरा-तिसरा आठवडा चांगला. त्याआधी मुलं प्रवेशफेऱ्या आणि दाखल्यांत अडकलेली असतात. फार लांबवलंत तर एकांकिका नि युवा महोत्सवाच्या तालमी, मग गणपती, मग अंतर्गत परीक्षा, आणि बघता बघता दिवाळीची सुट्टी.

प्रश्न : आमची बहुतेक मुलं एसटीने येतात. तास संपले की स्टँडकडे पळतात. विज्ञानवाल्यांची दुपारी प्रॅक्टिकल्स असतात. वेळ कोणती ठेवावी?
— चर्चामंडळ चिटणीस, बुलढाणा जिल्हा

उत्तर : चौथा रकाना इथे उघडायचा. सगळ्यांना जमेल अशी वेळ नसतेच, ती शोधत बसलात तर ऑगस्ट जातो. सर्वाधिक नावं ज्या वारी, ज्या तासात पडतात तो वार धरा आणि वर्षभर बदलू नका. वार फिरता ठेवला की ‘या आठवड्यात कधी आहे?’ एवढं विचारायचा कंटाळा येऊनच माणसं गळतात. बैठक पंचेचाळीस मिनिटांची, आणि गाडीच्या वेळेआधी किमान वीस मिनिटं संपलेली हवी. एकदा कोणाची गाडी तुमच्यामुळे चुकली की त्या गावची सगळी मुलं गेली समजा. प्रॅक्टिकलवाल्यांसाठी पंधरवड्यातून एकदा सकाळच्या पहिल्या तासाआधी अर्धा तास बसून पाहा. त्याला तीनच आले तरी बंद करू नका.

प्रश्न : पहिल्या बैठकीला मुली बऱ्याच येतात, पण एक शब्द बोलत नाहीत. दुसऱ्या वेळी त्या नसतात.
— प्राध्यापिका, नाशिक

उत्तर : पहिल्या दिवशी ज्याला तोंड उघडायला मिळालं नाही, तो दुसऱ्या दिवशी येत नाही. हे मुलांनाही लागू आहे. त्यांचं गळणं कोणाच्या लक्षात येत नाही इतकंच.

बैठकीची मांडणी बदला. ‘नाव, गाव, छंद’ अशी ओळख परेड अजिबात नको, वीस मिनिटं त्यातच जातात आणि शेवटच्या बाकापर्यंत येताना सगळे घामाघूम होतात. फळ्यावर प्रश्न लिहा. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव न घालता दोन ओळी लिहायच्या, तीन मिनिटांत. चिठ्ठ्या एकत्र करून पुन्हा वाटा. ज्याच्या हाती जी येईल ती त्याने मोठ्याने वाचायची. मत दुसऱ्याचं असल्यामुळे वाचताना संकोच वाटत नाही, आणि दहा मिनिटांच्या आत प्रत्येकाचा आवाज खोलीत ऐकू आलेला असतो. त्यानंतर चार-चार जणांचे गट, बारा मिनिटं. प्रत्येक गटात एक जुना सदस्य, ज्याने फक्त विचारायचं, मत द्यायचं नाही. उरलेल्या वेळात सगळे एकत्र. बाक जमिनीला ठोकलेले असतील तर व्हरांड्यात किंवा वाचनालयात सतरंजी टाकून बसा. व्यासपीठ आणि माइक ठेवलात तर ते व्याख्यान होतं.

खरा धोका आंतरमहाविद्यालयीन वक्तृत्वात करंडक आणलेल्या तुमच्याच माणसाचा असतो. तो शेराने सुरुवात करतो, आठ मिनिटं थांबत नाही, टाळ्या मिळतात आणि नवे मनात म्हणतात, हे आपलं काम नव्हे. त्याच्या हातात घड्याळ द्या. दीड मिनिटाला टेबलावर टकटक करायची, हे महिनाभर त्याचं काम.

मुलींच्या घरून परवानगीचा प्रश्न असेल तर छापील सूचनेवर संपण्याची वेळ आणि प्रभारी प्राध्यापकांची सही ठेवा, म्हणजे तिचा फोटो घरी दाखवता येतो. आणि ती वेळ कसोशीने पाळा. मैत्रिणींना जोडीनेच बोलवा. एकटी येते ती एकटीच गळते.

प्रश्न : प्राचार्य म्हणतात, राजकारण आणि जात हे विषय नकोत. मग बोलायचं कशावर? ‘मोबाइल : शाप की वरदान’ ठेवला तर कोणी फिरकत नाही.
— टी. वाय. बी. कॉम., कोल्हापूर

उत्तर : न फिरकणारे शहाणे आहेत. त्या विषयाच्या दोन्ही बाजू सगळ्यांना शाळेच्या निबंधापासून पाठ आहेत आणि शेवटी ‘वापरणाऱ्यावर अवलंबून’ म्हणायचं हेही ठरलेलं.

विषय असा घ्या की ज्यात प्रत्येकाला स्वतःचा अनुभव आहे आणि काही निर्णय करावा लागतो. वाचनालय रात्री आठपर्यंत उघडं ठेवायचं तर त्याचा खर्च कोणी सोसावा? बी. एस्सी.ची उत्तरपत्रिका मराठीत लिहायची मुभा असावी का? गावच्या जत्रेत डीजे नको, असा ठराव ग्रामसभेने करावा का? यात राजकारणही येतं, जातही येते, पण अनुभवाच्या अंगाने येते आणि आरडाओरडा होत नाही. पहिले दोन महिने असेच जाऊ द्या, प्राचार्यांशी जुलैत भांडण काढू नका. पुढे २६ नोव्हेंबरला संविधान दिन येतो, त्या दिवशी कार्यक्रम व्हावा असं कार्यालयालाही वाटत असतं. तेव्हा राज्यघटनेच्या कलम १९ वर चर्चा मागा : भाषणस्वातंत्र्य आणि त्यावरचे वाजवी निर्बंध. त्याला नाही म्हणणं कोणालाही जड जाईल.

प्रश्न : दिवाळीनंतर संख्या निम्मी होते. प्रमाणपत्र किंवा श्रेयांक द्यायचं कबूल केलं तर टिकतील का? वर्गणी घ्यावी का?
— विद्यार्थी प्रतिनिधी, रत्नागिरी

उत्तर : प्रमाणपत्रासाठी आलेला शेवटच्या दिवशी येतो. नव्या शैक्षणिक धोरणात सहअभ्यासक्रमाला श्रेयांक आहेत, पण तुमचं मंडळ त्यात बसतं का हे विद्यापीठाच्या परिपत्रकावर ठरतं. कार्यालयात विचारल्याशिवाय कोणाला शब्द देऊ नका.

चर्चेतून काही घडतंय असं दिसलं की मुलं टिकतात. मुंबईत एल्फिन्स्टनच्या तरुणांनी १८४८ मध्ये ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. निबंध वाचून त्यावर बोलायचं, हे तिचं काम. पुढच्याच वर्षी त्याच मंडळींनी मुलींच्या शाळा सुरू केल्या. तुम्ही निदान वाचनालयाच्या वेळेबद्दलचं पत्र तरी प्राचार्यांना द्या, आणि उत्तर आलं की ते बैठकीत वाचून दाखवा. नकार आला असला तरी वाचा.

दुसरं, तिसऱ्या बैठकीपासूनच प्रथम वर्षाच्या मुलांना कामं वाटा : चिठ्ठ्या, घड्याळ, वही. वहीत तारीख, विषय, उपस्थिती आणि अर्धवट राहिलेला प्रश्न, एवढंच. टी. वाय.च्या मुलांनी जानेवारीतच सूत्रं सोडावीत. मार्चपर्यंत धरून बसले तर परीक्षेच्या गडबडीत वही कोणाच्या तरी कपाटात जाते आणि जूनमध्ये पुन्हा ओनाम्यापासून सुरुवात.

वर्गणी पहिल्या वर्षी नको. खडू महाविद्यालयाचा, चिठ्ठ्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांच्या. चहा हवा असेल तर बैठकीनंतर कँटीनमध्ये, ज्याचा त्याने.