अनसबस्क्राइब दाबू की नको?

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्या जीमेलवर रोज चाळीस-पन्नास फालतू मेल येतात, साड्या, विमा, लोन, कुठली तरी लॉटरी. मुलगा म्हणाला खाली अनसबस्क्राइब असतं ते दाबत जा, म्हणून दोन महिने मी दिसेल त्याला दाबत सुटले. काही बंद झाले पण भलतेच नवे सुरू झाले. आता स्टोरेज भरत आलंय असंही दाखवतंय. नवा आयडी काढू का? पण पेन्शन, बँक, गॅस सगळं याच आयडीला जोडलंय. – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आयडी अजिबात बदलू नका. पेन्शन आणि बँक दुसरीकडे न्यायची म्हणजे सहा महिने जातील आणि नव्या आयडीवरही वर्षभरात हीच गर्दी होईल.

तुमचं चुकलं एवढंच की सगळ्यांना एकच औषध दिलंत. नको असलेल्या मेलमध्ये दोन जाती असतात. पहिली म्हणजे जिथे आपणच कधीतरी पत्ता दिलेला असतो, साडीच्या दुकानात बिल करताना काउंटरवरची मुलगी मोबाइल आणि ईमेल विचारते आणि मागे रांग असते म्हणून आपण सांगून मोकळे होतो, तिथून येणारे मेल. हे लोक खरे असतात, त्यांना अनसबस्क्राइब केलं की बहुतेक ऐकतात. जीमेलवर दिवसाला ५,००० पेक्षा जास्त मेल पाठवणाऱ्यांना तर २०२४ पासून गूगलने नियमच केलाय की जाहिरातीच्या मेलमध्ये एका क्लिकमध्ये नाव काढायची सोय हवी आणि दोन दिवसांत नाव निघायला हवं. फक्त मेलच्या पोटातली लिंक दाबण्यापेक्षा वर पाठवणाऱ्याच्या नावाजवळ जीमेल स्वतः अनसबस्क्राइब दाखवतं ते दाबा.

दुसरी जात म्हणजे लॉटरीवाले, झटपट लोनवाले, ज्यांना तुम्ही जन्मात कधी पत्ता दिला नाही. यांच्या मेलमधलं अनसबस्क्राइब म्हणजे दाराची कडी वाजवून घरात कोणी आहे का बघण्यासारखं आहे, तुम्ही दाबलंत की त्यांना कळतं इथे माणूस राहतो आणि मेल वाचतो, मग तो पत्ता पुढे विकला जातो. तुमचे नवे मेल बहुधा असेच सुरू झाले असणार. यांना उत्तर नाही, लिंक नाही, सरळ ‘रिपोर्ट स्पॅम’. नुसतं डिलीट केलंत तर जीमेल काहीच शिकत नाही, रिपोर्ट केलंत तर पुढचे तसे मेल आपोआप स्पॅममध्ये जायला लागतात. आणि हो, फोनला जसं १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे कॉल-मेसेज बंद करायची सोय) लावता येतं तसं ईमेलला काही नाही, त्यामुळे हे काम आपल्यालाच करावं लागतं.

खरा कुठला आणि खोटा कुठला हे ओळखायची सवय मात्र लावून घ्या, मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. मागच्या महिन्यात आईच्या फोनवर आयकर रिफंडचा मेल आला होता, नाव इन्कम टॅक्स डिपार्टमेंट, वर अशोकस्तंभ, खाली निळं बटण, आई बटणावर बोट ठेवणारच होती. मी नावाखालचा छोटा बाण दाबून तिला खरा पत्ता दाखवला तर कुठल्या तरी अगम्य अक्षरांचा आणि आकड्यांचा पत्ता, इन्कमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन असं काही नाहीच. रिफंड थेट खात्यात जमा होतो, त्यासाठी कोणी कार्ड नंबर किंवा पिन मागत नाही. बँकेचंही तसंच, रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपल्या वेबसाइटचा पत्ता ‘डॉट बँक डॉट इन’वर न्यायला सांगितलं होतं, तेव्हा बँकेच्या नावाने आलेल्या लिंकचं शेपूट आधी बघा, आणि त्याहून बरं म्हणजे लिंक सोडाच, बँकेचं ॲप उघडा.

एक उलटी गोष्टही सांगते. आठवड्यातून एकदा स्पॅम फोल्डर उघडून वरवर चाळत जा, कारण तिथलं सगळं ३० दिवसांनी आपोआप उडतं आणि कधी कधी कामाचा मेल तिथे जाऊन पडतो. माझ्या वडिलांच्या हयातीच्या दाखल्याबद्दलचा मेल तिथेच सापडला होता, तेही नशिबाने.

स्टोरेजचं म्हणाल तर १५ जीबी हे मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतं, बहुतेक वेळा जागा फोटोंनीच खाल्लेली असते, तिकडे आधी बघा. जुने जाहिरातीचे मेल काढायला मुलाचा कॉम्प्युटर घ्या, सर्चमध्ये दुकानाचं नाव टाका, वरच्या चौकोनावर टिक करा, आधी त्या पानावरचेच निवडले जातात, मग वर एक ओळ येते की या सर्चमधले सगळे निवडायचे का, तिथे हो म्हणा आणि डिलीट. नंतर ट्रॅशही रिकामा करा, नाहीतर जागा लगेच सुटत नाही.

प्रश्न : मला एक मेल आलाय ज्यात माझा खरा पासवर्ड लिहिलाय. म्हणे तुझा कॅमेरा हॅक केलाय, व्हिडिओ आहे, बिटकॉइन पाठव नाहीतर सगळ्या कॉन्टॅक्टना पाठवतो. पाठवणाऱ्याच्या जागी माझाच आयडी दिसतोय. दोन रात्री झोप नाही, घरी सांगू शकत नाही. – एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : पैसे पाठवू नकोस आणि उत्तरही देऊ नकोस. पासवर्ड जुना आहे ना? कुठल्या तरी वेबसाइटचा डेटा पूर्वी फुटला त्यात तो बाहेर गेलाय, आणि हाच मजकूर पासवर्ड तेवढा बदलून हजारो लोकांना जातो. व्हिडिओ असता तर त्यातला एखादा फोटो दाखवूनच घाबरवलं असतं. तुझाच आयडी दिसतो कारण पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कोणीही काहीही लिहू शकतं, तसंच हे. ट्रॉय हंट नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने २०१३ मध्ये ‘हॅव आय बीन पोन्ड’ ही साइट सुरू केली, तिथे ईमेल टाकलास की कुठून डेटा फुटला ते बऱ्याचदा कळतं.

तो पासवर्ड अजून कुठेकुठे वापरतोस ते आज रात्रीच बघ आणि सगळीकडे वेगवेगळा कर, टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एकदा खात्री करून घेण्याची सोय) चालू कर. पैसे आधीच पाठवले असशील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन लाव. आणि घरी ताई-दादा कोणी असेल तर त्यांना हा मेल दाखव, तू काही चुकीचं केलेलं नाहीस.