पहिली कादंबरी लिहून झाली, आता पुढे काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

बरीच वर्षं मी प्रकाशनात आलेली हस्तलिखितं वाचायचं काम केलं, त्यातली बहुतेक अशा लोकांची ज्यांचं नाव आधी कुणी ऐकलेलं नव्हतं. त्यामुळे हे प्रश्न मला फार जवळचे आहेत.

ताई, कालच कादंबरी संपवली. १,८०,००० शब्द झालेत. लगेच पाठवून टाकू का?

आधी मनापासून अभिनंदन, कारण सुरू करणारे खूप असतात, संपवणारे कमी. पण प्लीज लगेच पाठवू नका. फाईल बंद करा, दीड-दोन महिने तिच्याकडे बघूही नका, मग प्रिंट काढून मोठ्याने वाचा आणि जिथे जीभ अडखळते किंवा तुम्हालाच पान न वाचता उलटावंसं वाटतं तिथे खूण करा. नवीन लेखकांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त वेळा काय पाहिलंय सांगू? कादंबरी खरी सुरू होते तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात. त्याआधीची पानं म्हणजे लेखक स्वतः त्या गोष्टीत शिरत असतो, ती पानं लिहावी लागतात पण छापावी लागत नाहीत. आणि वाचणारा संपादक तुमच्या चौथ्या प्रकरणापर्यंत पोचेलच असं नाही, समोर गठ्ठा असतो हो.

लांबीचं म्हणाल तर पहिल्या कादंबरीसाठी साधारण ७०,००० ते १,००,००० शब्द बरे पडतात. जाड पुस्तक म्हणजे जास्त कागद, जास्त किंमत, आणि अनोळखी नावावर एवढी जोखीम घ्यायला प्रकाशक कचरतो.

प्रकाशकाला पत्रात काय लिहू? माझं आधी काहीच छापलेलं नाही.

छापलेलं नाही तर नाही, त्याबद्दल माफी मागत बसू नका. पत्र एक पानाचं. कादंबरीचं नाव, शब्दसंख्या, ती कुणाची गोष्ट आहे, त्या माणसाचं नेमकं काय अडलंय आणि तुम्ही ती याच प्रकाशकाकडे का पाठवताय. 'घरच्यांना आणि मित्रांना फार आवडली' हे वाक्य काढून टाका, घरच्यांना आवडतेच.

सोबत एक-दोन पानांचा सारांश आणि बहुतेक ठिकाणी पहिली तीन प्रकरणं मागतात, पण प्रत्येकाचे नियम वेगळे असतात, ते वाचा आणि तंतोतंत पाळा. सारांशात शेवट लिहायचा! 'पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा' असं लिहून आलेले कितीतरी सारांश मी वाचलेत आणि दरवेळी वाईट वाटायचं, कारण संपादकाला तेच बघायचं असतं की या माणसाला गोष्ट शेवटाला नेता येते का.

आणि याहून महत्त्वाचं म्हणजे कुणाला पाठवायचं. सरसकट ४० जणांना एकच मेल टाकून काही होत नाही. तुमच्या कादंबरीच्या जातकुळीची गेल्या तीन-चार वर्षांतली पुस्तकं शोधा, ती कुणी काढली बघा, मनोगत किंवा ऋणनिर्देश वाचा, तिथे लेखक संपादकाचं नाव घेऊन आभार मानतात. झालं, तुम्हाला नाव मिळालं. जिथे एजंटमार्फतच, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणाऱ्या मध्यस्थामार्फतच, जावं लागतं तिथेही हेच करा. एजंट तुमच्या कमाईतून साधारण १५ टक्के घेतो, म्हणजे तुम्हाला मिळाले तरच त्याला मिळतात. आधी 'वाचनाची फी' मागणाऱ्यापासून लांब राहा.

माझी कथा कुणी चोरली तर?

कॉपीराइट लिहिल्या क्षणी तुमचाच असतो. कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारानुसार सदस्य देशांत त्यासाठी नोंदणीची अट नाही. नुसत्या कल्पनेवर मात्र हक्क नसतो, तुम्ही ती जशी लिहिली त्यावर असतो. तारखांसकट मसुदे जपून ठेवा आणि निर्धास्त पाठवा.

एका प्रकाशकाने कादंबरी 'निवडली' आहे, पण खर्चाचा वाटा मागतोय. देऊ का?

नका देऊ. हे मला अगदी तळमळून सांगायचंय कारण साठवलेले पैसे असे घालवलेली माणसं मी पाहिलीत, आणि नंतर त्यांनी लिहिणंच सोडलं. खरा प्रकाशक आपले पैसे घालतो, म्हणून पुस्तक विकायची गरज त्यालाही असते. ज्याचे पैसे तुमच्याकडूनच वसूल झाले तो विकायची धडपड कशाला करेल? मग गठ्ठे तुमच्या घरी येऊन पडतात.

अशा ऑफरमध्ये 'आयएसबीएन मिळवून देऊ' हे मोठ्या थाटात लिहिलेलं असतं. आयएसबीएन म्हणजे १३ आकडी ओळखक्रमांक, बस, तो दर्जाचा शिक्काही नाही आणि कॉपीराइटही नाही.

स्वतःच पुस्तक काढायचं ठरवलंत तर ती वेगळी गोष्ट, त्यात कमीपणा काही नाही. संपादन, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे पैसे त्या त्या माणसाला द्या, प्रिंट ऑन डिमांडने मागणीप्रमाणे प्रती छापा, हक्क सगळे तुमच्याकडे. फक्त संपादनावरचा खर्च वाचवू नका.

अकरा ठिकाणांहून साभार परत आलं. थांबू का?

जमैकाचे लेखक मार्लन जेम्स यांची पहिली कादंबरी ७८ वेळा नाकारली गेली. त्यांनी वैतागून कॉम्प्युटरवरची प्रत डिलीट केली होती, ती पुढे जुन्या मेलच्या आउटबॉक्समध्ये सापडली, २००५ मध्ये छापून आली आणि २०१५ मध्ये त्यांना तिसऱ्या कादंबरीसाठी बुकर मिळालं. अर्थात प्रत्येकाचं असं होत नाही, पण अकरा हा आकडा फार मोठा नाही एवढं नक्की. नकार नुसता छापील असेल तर त्यात अर्थ शोधू नका. पण कुणी दोन ओळी स्वतः लिहिल्या असतील, 'मधला भाग रेंगाळतो' वगैरे, तर त्या सोन्यासारख्या आहेत, कारण त्या लिहायचं कुणावर बंधन नव्हतं. तीच तक्रार दोघांकडून आली तर पुढे पाठवणं थांबवा आणि आधी तेवढं दुरुस्त करा.

करार आलाय! १० टक्के रॉयल्टी आहे. सही करू?

वा! पण आधी विचारा, १० टक्के कशावर? समजा पुस्तकाची छापील किंमत १०० आहे आणि दुकानदाराला ते ५० ला जातं. छापील किमतीवर असेल तर तुमचे १०, प्रकाशकाच्या हातात येणाऱ्या रकमेवर असेल तर ५. दोन्हीकडे लिहिलेलं १० टक्केच असतं. ॲडव्हान्स, म्हणजे आगाऊ रक्कम, देत असतील तर तो याच रॉयल्टीतून आधी वळता होतो हेही लक्षात ठेवा.

मग बघा भाषांतर, ऑडिओ, चित्रपट हे हक्क कुणाकडे राहतात, हिशोब वर्षातून किती वेळा देणार, आणि पुस्तक बाजारात मिळेनासं झालं तर हक्क तुमच्याकडे कधी परत येतात. हे शेवटचं कलम नसेल तर घालून मागा. मागितल्यामुळे करार मोडल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. कॉपीराइटच कायमचा लिहून मागत असतील तर मात्र सही करू नका, वकिलाला दाखवा.