घरी गोड, मंडपात चिरका: अँप विकण्याआधी पिक आणि स्पीकर तपासा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: सिंगल कॉइल पिकअपची (पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा भाग) गिटार, घरच्या २० वॉटच्या अँपवर (अँप्लिफायरवर) टोन छान. पण ऑर्केस्ट्रात मल्टी-इफेक्ट प्रोसेसर (गिटारचे वेगवेगळे टोन बनवणारा डबा) सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला लावला की डिस्टॉर्शन गांधीलमाशी घोंगावल्यासारखं येतं आणि क्लीन टोन कानात टोचतो. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, ०.४६ मिमीचं. आणि आता घरचा अँप विकून १०० वॉटचा ट्यूब अँप (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा) घ्यायचा विचार आहे. हे सगळं मी भोगलेलं आहे, जवळजवळ याच क्रमाने, म्हणून जरा लांब लिहितो. तारा वेळेवर बदलणं, इंटोनेशन वगैरे तुम्ही बघतच असाल, ते सोडून देतो. खालचं सगळं इलेक्ट्रिक गिटारबद्दल आहे. पिएझो पिकअपच्या अकूस्टिकला यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू होत नाही.

अँप आत्ता विकू नका.

तुम्हाला जे टोचतंय ते बहुतेक सगळं साधारण ४-५ किलोहर्ट्झच्या वरचं आहे. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या पुढे झपाट्याने उतरतो. तो दोष नाही, इलेक्ट्रिक गिटारचा जो आवाज आपण ओळखतो तो त्या उताराने बनलेला आहे. डिस्टॉर्शन म्हणजे तरंगाची टोकं कापणं, आणि टोकं कापली की वरच्या हार्मोनिक्सचा, म्हणजे मूळ सुराच्या पटीतल्या वरच्या स्वरांचा, ढीग तयार होतो. अँपमध्ये तो ढीग स्पीकर गाळतो. मंडपातल्या पीए स्पीकरमध्ये (श्रोत्यांसाठी लावलेल्या मोठ्या स्पीकरमध्ये) मात्र हॉर्न, म्हणजे वरच्या स्वरांचा भोंगा, असतो, तो १५ किलोहर्ट्झच्याही पुढे इमानाने वाजवतो. म्हणजे जे गाळून जायला हवं होतं तेच सगळ्यांत स्पष्ट ऐकू येतं.

म्हणून पहिलं काम: प्रोसेसरमध्ये कॅबिनेट सिम्युलेशन (कॅब सिम), म्हणजे अँपच्या स्पीकरची नक्कल, चालू आहे का ते बघा. बऱ्याच प्रोसेसरमध्ये हे दोन ठिकाणी असतं. एक ग्लोबल सेटिंग, ज्यात आउटपुट अँपला जाणार की लाइनला म्हणजे मिक्सरला, हे निवडायचं असतं. दुसरं प्रत्येक पॅचमध्ये (सेव्ह केलेल्या टोनमध्ये) वेगळा कॅब ब्लॉक. घरी तुम्ही अँपला जोडता म्हणून कधीतरी ग्लोबल सेटिंग अँपवर केलेलं असणार, आणि तेच घेऊन तुम्ही मंडपात जाता. उलटही होतं: सेटिंग लाइनवर ठेवून घरच्या अँपच्या इनपुटला जोडलं की एका कॅबिनेटवर दुसरं कॅबिनेट बसतं आणि आवाज रजईखाली गेल्यासारखा दबतो. मग लोक ट्रेबल वाढवतात, तो पॅच सेव्ह करतात, आणि मंडपात तोच पॅच कान फाडतो. या एका घोळात जितके पैसे आणि कार्यक्रम वाया जातात तितके गिटारच्या दुसऱ्या कुठल्याही घोळात जात नसतील.

कॅब सिम चालू केल्यावर त्याचा हाय कट (वरचे स्वर कापणारा) ५ ते ६ किलोहर्ट्झवर ठेवा आणि लो कट (खालचे कापणारा) ८० ते १०० हर्ट्झवर. गिटारची सगळ्यांत खालची मोकळी तार ८२ हर्ट्झची आहे. त्याखाली तुमच्याकडे काही नाही, ती जागा बेस आणि ढोलकीची. मिक्सरवरचा हाय नॉब बहुधा १२ किलोहर्ट्झच्या आसपासचा असतो, तो पूर्ण खाली केला तरी ४-५ किलोहर्ट्झचा किरकिराट पुरता जात नाही. स्वीप मिड (कुठली फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करायची ते निवडता येणारा नॉब) असेल तर साउंडवाल्याला ३ ते ४ किलोहर्ट्झवर ४-५ डीबी कमी करायला सांगा. पण हा वरवरचा इलाज झाला, मुळात कॅब सिम हवंच.

इथे थोडं मनातलं. याच तक्रारीवर शहरातल्या एका दुकानाने मला आधी पिकअप बदलायला लावले, मग पॉट्स (व्हॉल्यूम-टोन नॉबखालचे भाग), आणि शेवटी मोठा अँप दाखवला. गिटार पुढे कशात लावतोस, हा प्रश्न तिथे कोणीही विचारला नाही. पैसे तर गेलेच, काढलेले मूळ पिकअपही परत मिळाले नाहीत. सिग्नल कुठून कुठे जातो हे विचारायला दोन मिनिटं लागतात. ज्याच्याकडे माणूस विश्वासाने वाद्य सोपवतो त्याने ती दोन मिनिटं द्यायला हवीत. तुम्ही कोणाकडेही गेलात तरी पिकपासून पीएपर्यंतची सगळी साखळी कागदावर लिहून न्या, आणि ती न वाचताच पार्ट बदलायला सांगणाऱ्याकडे गिटार ठेवू नका.

आता पिक. ०.४६ मिमीचं पिक तारेला लागताना स्वतः वाकतं. त्यामुळे हळू मारा किंवा जोरात, तारेला मिळणारा जोर फारसा बदलत नाही, आणि त्या प्लास्टिकचा स्वतःचा ‘टिक’ आवाज मूळ सुराच्या मानाने मोठा होतो. अकूस्टिकवर भरभर स्ट्रमिंग करताना हा गुण आहे, कॉर्ड एकसारख्या वाजतात आणि गायकाखाली बसतात. इलेक्ट्रिकवर मात्र डिस्टॉर्शन आणि कंप्रेशन लहान आवाज वर उचलतात, म्हणजे तो टिकही उचलला जातो. तुमचा क्लीन टोन टोचतो त्यात मला पिकचा मोठा वाटा दिसतो.

डनलॉप टॉर्टेक्सची तीन घ्या: पिवळं ०.७३, हिरवं ०.८८ आणि जांभळं १.१४ मिमी. कंपनी हीच पाहिजे असं नाही, पण एकाच मटेरियलची आणि एकाच आकाराची तीन जाडी मिळाली तरच तुलना खरी होते. टॉर्टेक्स डेल्रिन नावाच्या प्लास्टिकचं असतं, पृष्ठभाग मॅट, त्यामुळे घामाने ओल्या बोटांतही टिकतं. सप्टेंबरच्या दमट हवेत, हॅलोजनखाली गुळगुळीत सेल्युलॉइड पिक बोटांत फिरायला लागतं, आणि पिक घट्ट धरायच्या नादात मनगट आखडतं. मनगट आखडलं की टोन कडक होतो, तेव्हा पकड ही टोनचीच बाब समजा. नायलॉनचा आघात मऊ असतो. जॅझ थ्री हे छोटं, टोकदार १.३८ मिमीचं पिक लीडसाठी अनेकांना आवडतं, पण ऑर्केस्ट्रात निम्मा वेळ कॉर्ड वाजवायच्या असतात, त्यासाठी मी ते सुचवणार नाही. तुमच्या कामाला माझं मत ०.८८. मेटल वाजवणारे याच्याशी सहमत नसतील, त्यांची गरज वेगळी आहे.

टोकाची गोलाईही बघा. तेच पिक फिरवून खांद्याच्या गोल बाजूने वाजवलं की ट्रेबल नॉब दोन घरं खाली केल्याइतका फरक पडतो, पैसे शून्य. टोक झिजून त्याला सपाट कड आली की जाड तारांवर खरखर येते. ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर टोक घासून, मग १२०० नंबरवर फिरवून, शेवटी जीन्सच्या कापडावर रगडा. बाहेर ३ ते ५ मिमी टोक राहील असं धरा. तारेला समांतर ठेवलं तर आघात स्वच्छ आणि चमकदार, किंचित तिरकं धरलं तर गुळगुळीत, पण फार तिरकं झालं की गुंडाळलेल्या तारांवर घासल्याचा आवाज वाढतो.

आणि तार कुठे छेडता? स्ट्रॅटची (फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारची) स्केल लेंथ, म्हणजे मोकळ्या तारेची वाजणारी लांबी, ६४८ मिमी. मोकळी तार ब्रिजपासून (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथून) १६२ मिमीवर, म्हणजे बरोबर एक चतुर्थांशावर छेडली तर चौथा, आठवा, बारावा हार्मोनिक जवळजवळ उमटतच नाही, आवाज गोल येतो. ८१ मिमीवर छेडली तर चौथा भरपूर येतो आणि आठवा जातो. ब्रिजच्या आणखी जवळ गेलं की वरचे हार्मोनिक्स वाढतच जातात. स्टेजवर घाईत हात नकळत ब्रिजकडे सरकतो, बऱ्याच जणांचा सरकतो. तो ४-५ सेमी पुढे आणणं हा कुठल्याही पेडलपेक्षा मोठा बदल आहे.

चमकदार आघात मुळातच वाईट असं मात्र समजू नका. क्वीन या रॉक बँडचा गिटारवादक ब्रायन मे सिक्सपेन्सचं जुनं ब्रिटिश नाणं पिक म्हणून वापरतो, धातूचं, दातेरी कडेचं, त्यावर ट्रेबल बूस्टर (वरचे स्वर वाढवणारं उपकरण). तरी त्याचा टोन जाड आणि गाणारा, कारण पुढे व्हॉक्स एसी ३० अँप आहे: ३० वॉट, दोन १२ इंची स्पीकर, आणि अँप खऱ्या अर्थाने उघडलेला, म्हणजे आवाज चढवलेला. वर जे जास्तीचं तयार होतं ते अँप आणि स्पीकर पचवतात. तेच नाणं आणि तोच बूस्टर स्पीकरशिवाय मिक्सरला लावला तर दोन कॉर्डही ऐकवणार नाहीत. पिक आणि स्पीकर जोडीनेच निवडायचे असतात.

(कोणी ‘खऱ्या कासवाच्या कवचाचं’ पिक दाखवलं तर घेऊ नका. ज्या कासवाचं कवच वापरत ते हॉक्सबिल भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.)

घरी लावलेला टोन मंडपात का टिकत नाही, याचं आणखी एक कारण. कमी आवाजात आपला कान खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकतो. म्हणून घरी हळू वाजवताना बेस आणि ट्रेबल वाढवून, मिड खाली केला की भारी वाटतं. मोठ्या आवाजात तोच टोन पोकळ आणि कर्कश होतो, आणि गिटारची खरी जागा, साधारण ५०० हर्ट्झ ते २ किलोहर्ट्झ, कीबोर्ड घेऊन जातो. मंडपासाठी वेगळे पॅच ठेवा: मिड ६-७ वर, ट्रेबल ४, बेस ४ पासून सुरुवात, गेन घरच्यापेक्षा एक तृतीयांश कमी. प्रोसेसरमध्ये लूपर असेल तर एक ओळ रेकॉर्ड करून चालू ठेवा आणि पीएसमोर दहा-बारा फुटांवर उभं राहून ऐका. मात्र लूपर साखळीत अँप आणि कॅबच्या आधी बसवलेला असला तरच नॉब फिरवल्याचा परिणाम ऐकू येईल.

अँप नेणार असाल तर तो खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलवा. १२ इंची स्पीकर वरचे स्वर सरळ रेषेत फेकतो. जमिनीवर ठेवला तर ते तुमच्या पोटऱ्यांना लागतात, तुम्हाला आवाज दबलेला वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता आणि माइक नेमका तेच उचलतो. माइक स्पीकरच्या मधल्या टोपीसमोर तीक्ष्ण, कडेकडे दबका ऐकतो. जाळीपासून २-३ सेमी अंतर ठेवून टोपी आणि कोन (भोवतीचा शंकूसारखा पडदा) जिथे मिळतात तिथून सुरुवात करा आणि ३-४ सेमी बाहेर सरकवून बघा. भाड्याच्या सामानात रोलंड जेसी-१२० अँप आला तर ब्राइट स्विच बंद, ट्रेबल ४, आणि त्याचं स्वतःचं डिस्टॉर्शन वापरू नका. प्रोसेसर त्याच्या पुढच्या इनपुटला लावताना कॅब सिम बंद.

प्रोसेसर घरी विसरलात आणि गिटार थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला लावायची वेळ आली तर उलटं होतं, आवाज मेल्यासारखा येतो. गिटारला १ मेगाओहमच्या आसपासच्या इम्पिडन्सचं (विद्युत अडथळ्याचं) इनपुट लागतं, लाइन इनपुट १०-२० किलोओहमचं असतं. मध्ये अॅक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल मिक्सरजोगा करणारा डबा) हवा, किंवा किमान बॉसचा एखादा पेडल: तो बंद असला तरी त्याचा बफर (सिग्नलला आधार देणारं सर्किट) काम करतो, फक्त बॅटरी किंवा अॅडॅप्टर लागलेला पाहिजे. गिटार ते पहिला बॉक्स ही केबल ३ मीटरचीच ठेवा. सहा मीटरची साधी केबल सिंगल कॉइलचा रेझोनन्स (पिकअप जिथे सगळ्यांत जास्त उठतो ती फ्रिक्वेन्सी) ५ किलोहर्ट्झवरून ४ च्याही खाली आणू शकते. काहींना तेच आवडतं, पण ते ठरवून व्हावं. अँपचा स्पीकर आउट मिक्सरला किंवा साध्या डीआयला कधीही लावायचा नाही.

राहिला १०० वॉटचा प्रश्न. २० वरून १०० म्हणजे ७ डीबी. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डीबी लागतात. जास्त सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये मोठा वाजणारा, स्पीकर ३ डीबी देतो, म्हणजे वॉट दुप्पट केल्यासारखं, तेही वीस-पंचवीस किलोचं ओझं न वाढवता. शिवाय मंडपात अँपसमोर माइक लागणारच. १०० वॉटचा ट्यूब अँप ज्या आवाजाला खुलतो तिथवर साउंडवाला तुम्हाला जाऊच देणार नाही. घ्यायचाच असेल तर १५-२० वॉटचा घ्या, आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधी चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवणार असाल तर मागची पट्टी आधी वाचायला सांगा: १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० वर लावला की तिथेच संपतो, आणि स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मंडपात वाहणं हा वेगळा ताप.

प्रोसेसरचं मॉडेल आणि आउटपुट सेटिंग सध्या कशावर आहे ते कळवा. कॅब सिम आणि ०.८८ चं पिक घेऊन एक साउंडचेक करा, मग अँपचं बोलू.