लेकरं सांभाळाले शिक्षण कायले?

दहावीनंतरच्या समुपदेशनात यवतमाळ जिल्ह्यातील पालक, विशेषतः मुलींचे वडील, एक प्रश्न थोड्याफार फरकाने हमखास विचारतात. मुलीने अकरावीला बालसंगोपनाचा किंवा पूर्वप्राथमिक शिक्षणाचा व्यवसाय अभ्यासक्रम घेतला, तर तिचे पुढचे शिक्षण तेथेच खुंटेल काय, आणि हे काम शेवटी आयाचेच नव्हे काय? या प्रश्नाला मी सरसकट धीराचे उत्तर देत नाही, कारण त्यात दोन वेगळ्या काळज्या एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक कामाच्या प्रतिष्ठेची असते आणि ती बहुतांशी गैरसमजातून आलेली असते. दुसरी पोटापाण्याची असते आणि ती अगदी रास्त असते.

वैष्णवीच्या (नाव व ओळखीचे तपशील बदलले आहेत) घरी या दोन्ही होत्या. कोरडवाहू कापूस आणि तूर, वर्षातून काही महिने आईची निंदणा-वेचणीची मजुरी, आणि मुलीला विज्ञान शाखेला घालून नर्सिंगला पाठवावे असा मामांचा आग्रह. वैष्णवीला मात्र तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातला 'बाल, वृद्ध व आरोग्य सेवा' हा अभ्यासक्रम हवा होता. वडील पहिल्याच भेटीत म्हणाले, "मॅडम, लेकरं सांभाळाले शिक्षण कायले पाहिजे? दोघं भाऊ तं तिनंच वाढवले."

मी प्रथम वैष्णवीशी एकटीशी बोलले. हेच का, असे विचारल्यावर तिने लगेच उत्तर दिले, "मला लेकरं आवडतात." आमच्या भागातील मुलीचे हे उत्तर मी जरा थांबून घेते. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवून धाकट्या भावंडांना राखणाऱ्या मुलीचे घरात कौतुक होते ते बहुधा एवढ्याच कामासाठी, आणि मग आपल्याला हेच जमते, म्हणून हेच आवडते, असे तिला वाटू लागते. आवड, सवय आणि नाइलाज या तिन्हींना ती एकच नाव देते. कलचाचणीच्या कागदावरही ते वेगळे दिसत नाहीत.

म्हणून तिला एक काम दिले. परीक्षा संपून निकाल लागेपर्यंतच्या काळात, सेविकाताईंच्या परवानगीने गावच्या अंगणवाडीत बसायचे, एकच मूल निवडायचे आणि ते काय करते व काय बोलते एवढेच वहीत लिहायचे. हुशार, हट्टी, मठ्ठ असे कोणतेही विशेषण चालणार नव्हते. पहिली दोन पाने अशाच विशेषणांनी भरली होती. ती तिने माझ्यासमोर खोडली.

तिने निवडलेला मुलगा गावाला लागून असलेल्या कोलाम पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येत असे. त्याला काही येत नाही, असे सर्वांनी ठरवून टाकले होते. तिच्या वहीतील एक नोंद अशी होती: 'ताईंनी गाईचे चित्र दाखवून हे काय म्हणून विचारले. तो बोलला नाही. मग ओसरीवर जाऊन एक चिंचोका, दोन खडे, एक चिंचोका, दोन खडे अशी भिंतीपर्यंत ओळ केली. मी एक खडा उचलला तर त्याने दुसरा आणून ठेवला. बहिणीशी बोलत होता, मला ते समजले नाही.' क्रम ओळखणे आणि तो मोडल्यावर दुरुस्त करणे ही गणिताची पूर्वतयारी आहे, हे तिला ठाऊक नव्हते. पण मूल गप्प आहे ते मराठी प्रश्नापुढे, स्वतःच्या कोलामी बोलीत नाही, हे तिचे तिने टिपले होते. पुढच्या पानांवर तिने त्याच्या बहिणीकडून विचारून घेतलेले शब्द होते. हे काम तिला सवयीने जमले नव्हते आणि त्यात तिचे मन रमले होते, म्हणून या अभ्यासक्रमाचा विचार करायला हरकत नाही, असे मी त्या वहीवरून ठरवले.

वडिलांशी बोलताना मी तीच वही पुढे ठेवली. भावांना वाढवताना तिने त्यांना खाऊ घातले, निजवले, पडू दिले नाही. प्रशिक्षणात याच्या पुढचे शिकायचे असते. वजन-उंची वयाच्या मानाने कशी वाचावी, सहा महिन्यांपुढच्या आणि पाच वर्षांखालच्या मुलाच्या दंडाचा घेर 11.5 सेंटीमीटरपेक्षा कमी भरला तर त्याला तातडीने आरोग्य केंद्रात का पाठवावे, बोलायला उशीर लागणाऱ्या मुलाच्या ऐकण्याची शंका केव्हा घ्यावी, आणि बोटांत बळ येण्याआधी पेन्सिल हाती देण्याऐवजी माती, मणी व कागद फाडणे का द्यावे, हे आपोआप येत नाही. (तालुक्याच्या खासगी नर्सरीत तीन वर्षांचे पोर एबीसीडी गिरवते म्हणून अंगणवाडीला नावे ठेवणाऱ्या पालकांना ही शेवटची गोष्ट पटवणे सर्वांत कठीण जाते.) 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास सहा वर्षांच्या आत होतो असे नमूद करून, बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम सुचवला, तो याच कारणाने. त्याच्याही कितीतरी आधी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी भागातील कोसबाडच्या टेकडीवर विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या होत्या. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन येणारी मुलगी तेथे त्याला पाळणाघरात ठेवून शाळेत बसू शकत असे. हे सांगितल्यावर वडील प्रथमच वैष्णवीकडे पाहून हसले.

पगाराचा विषय मात्र त्यांनी सोडला नाही, आणि तो सोडू नये असेच माझे मत आहे. अंगणवाडी सेविकेला मिळते ते मानधन, वेतन नव्हे; 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने सेविका व मदतनीस यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी त्या सरकारी कर्मचारी झालेल्या नाहीत. नेमणुकीसाठी बारावी उत्तीर्ण आणि 18 ते 35 वर्षे वय लागते, जागा रिकामी व्हावी लागते आणि उमेदवार त्याच गावची रहिवासी असावी लागते. या अखेरच्या अटीवर वडीलच म्हणाले, "म्हंजे लगन झालं का गाव बदलते, अन् नोकरीचं पाणी होते." नियमाचा मुलींच्या आयुष्यावर होणारा परिणाम त्यांनी एका वाक्यात सांगितला होता, आणि माझ्याकडे त्याचे खंडन नव्हते. नेमणूक गावाशी बांधलेली असते. शिक्षण मुलीसोबत जाते. त्यामुळे गावच्या अंगणवाडीतील एका जागेवर डोळा ठेवून हा अभ्यासक्रम घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगितले.

मग मिटलेल्या आणि उघड्या वाटा कागदावर मांडल्या. व्यवसाय शाखा घेतल्यावर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र नसल्याने बी.एस्सी. नर्सिंग मिळणार नाही; ही गोष्ट मामांच्या समक्ष सांगितली. बारावीनंतर पदवी, त्यातही गृहविज्ञान महाविद्यालयातील मानव विकास हा विषय, किंवा प्राथमिक शिक्षक होण्यासाठीची दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका आणि शिक्षक पात्रता परीक्षा, या वाटा विचारात घेण्याजोग्या होत्या. मात्र त्या प्रत्येकीची प्रवेशाची अट व्यवसाय शाखेच्या विद्यार्थ्यांना लागू पडते काय, हे त्यांनी प्रवेश घेण्यापूर्वी त्या त्या महाविद्यालयात जाऊन विचारावे आणि माहितीपुस्तिकेतील नियम डोळ्यांनी वाचावा, असे ठरले. तालुक्याच्या महाविद्यालयात प्रात्यक्षिके खरोखर बालवाडीत होतात की केवळ नोंदवहीत, हेही विचारून घ्यायला सांगितले, कारण प्रात्यक्षिकाविना या अभ्यासक्रमाला फारसा अर्थ राहत नाही.

वडील आणि वैष्णवी दोघेही जाऊन विचारून आले. प्रात्यक्षिकासाठी मुलींना आठवड्यातून ठरावीक दिवशी अंगणवाडीत पाठवतात, असे तेथील दुसऱ्या वर्षाच्या मुलींनीच तिला सांगितले, आणि तिने प्रवेश घेतला. वडिलांची अट एवढीच आहे की बारावीला इंग्रजीत गुण चांगले हवेत. मामा अजून नाराज आहेत, जी.एन.एम. या नर्सिंगच्या पदविकेला विज्ञान शाखेची सक्ती नाही, हे कळल्यापासून त्यांनी बारावीनंतर पुन्हा बसू असे सांगितले आहे, आणि वैष्णवीनेही त्याला नकार दिलेला नाही.