खाडीकाठचा जुना दगडी खांब ढासळायच्या आत त्याचे फोटो कसे काढावेत?

तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले. ठाणे खाडीच्या नवी मुंबईकडच्या काठावर होड्यांना वाट दाखवणारा जुना दगडी खांब आहे, त्याच्या पायाखालचा काठ दर पावसाळ्यात थोडा थोडा सुटतोय, आणि तो आडवा व्हायच्या आत तुम्हाला नीट फोटो हवेत. मी ऐरोलीला राहते, बरीच वर्षं कॅमेरा घेऊन खाडीवर फिरते.

कॅमेऱ्याचं नंतर बघू, आधी कालनिर्णय काढून तिथी बघा. कोळीवाड्यातला जुना हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला भरती. पुनवेला-अवसेला भरती बाराच्या आसपास, म्हणजे संध्याकाळी सहाला ओहोटी. भरतीच्या छापील वेळा मुंबईच्या अपोलो बंदराच्या असतात. खाडीत आत पाणी थोडं मागाहून पोचतं, तेवढं धरून चला.

झीज दाखवायची तर उधाणाच्या, म्हणजे पुनव-अवसेच्या आसपासच्या दिवसांतली संध्याकाळच हवी. पाणी पार खाली जातं, पाया उघडा पडतो आणि ऊन पश्चिमेकडून, मुलुंडच्या बाजूने तिरपं येतं. थंडीत सूर्य सहालाच बुडतो म्हणून चतुर्दशी बरी, मे महिन्यात प्रतिपदेलाही जमतं. खांबाच्या कडेला उभं राहून बघा, त्या उन्हात टाकीचे घाव एकेक करून उठून दिसतात. पायाशी बसून कालवं, म्हणजे दगडाला चिकटणारे शिंपले, कुठे कुठे चिकटलीत तेही बघा. कालवांच्या खाली दगड अगदी कोरा असेल, तर तेवढा भाग परवापरवापर्यंत मातीत होता असं समजा. काठ किती सुटला ते त्या कोऱ्या पट्ट्यावर दिसतं. शेजारी मोजपट्टी उभी धरून तो जवळून टिपा. माझ्या मते सगळ्यांत मोलाचा फोटो तोच.

दुसरा फोटो पाण्यावरून. आमच्याकडच्या एका नाखवांनी मला सांगितलं होतं, "ताई, ती खूण होडीतल्या माणसासाठी उभी केलीय, होडीतूनच बघा." मी गेले आणि पटलं. काठावरून जो नुसता दगड वाटतो, तो पाण्यावरून पारसिकच्या डोंगरासमोर लांबून ओळखू येतो. यासाठी अष्टमीची संध्याकाळ घ्या, पाणी भरलेलं असतं आणि ऊन थेट खांबावर पडतं. खाडीचा मोठा भाग 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तेव्हा होडी वनविभागाला विचारूनच काढा. ड्रोन नको. फोटोत आड येते म्हणून तिवराची एक फांदीसुद्धा मोडू नका, उरलेला काठ त्या मुळांनीच धरून ठेवलाय.

पुढच्या वर्षी नेमक्या त्याच जागी उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर दोन फोटो ताडून बघता येत नाहीत. होडीवाले करतात तेच करा, जवळची एक वस्तू आणि लांबची एक वस्तू एका रेषेत आणा. अशा दोन जोड्या जुळल्या की जागा पक्की. लांबची वस्तू म्हणून इमारत धरू नका, पुनर्विकासात जाते. डोंगराचा माथा धरा.

चिखलात ट्रायपॉडचे पाय रुततात. प्रत्येक पायाखाली नारळाची करवंटी पालथी ठेवा. काठाच्या अगदी कडेवर उभं राहू नका, खालून पोखरलेला असतो. आणि एकट्या जाऊ नका. एकदा मी फोटोच्या नादात होते आणि पाणी समोरून न येता मागच्या नाळीतून, म्हणजे चिखलातल्या अरुंद ओहोळातून भरलं. परत येताना कमरेपर्यंत पाणी होतं, कॅमेरा डोक्यावर धरला होता आणि पायाखाली काय आहे ते कळत नव्हतं. त्या दिवसापासून ओहोटी संपायच्या वेळेचा गजर लावते आणि तो वाजला की निघते.

इंग्लंडमधलं ऑर्फर्डनेसचं दीपगृह 1792 सालचं. समुद्र पायाशी आला म्हणून 2013 मध्ये ते बंद केलं आणि 2020 मध्ये पाडलं. आता ते फोटोंतच बघायला मिळतं. तुमच्या खांबाचे तर अजून फोटोच नाहीत. पहिले पावसाआधी काढा, दुसरे गणपती झाल्यावर, त्याच जागेवरून, आणि प्रत्येकावर तारीख आणि तिथी दोन्ही लिहा.